विमानाची प्रदक्षिणा

आमच्या गॅलरीची लांबी नऊ फूट आणि रुंदी साडेतीन. एवढ्याशा जागेसाठी सुशिक्षित नवरा-बायकोत लेखी करार व्हावा, ही काही बाहेर सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण त्या करारावर पहिल्या मजल्यावरच्या श्यामसुंदर प्रधानांनी साक्षीदार म्हणून सही केली, त्यामुळे ती बाहेर गेलीच. प्रधानांना सकाळी कळलेली गोष्ट संध्याकाळी मला वर्सोव्याच्या बसमध्ये अनोळखी माणसाने ऐकवलेली आहे.

भानगड अशी होती. माझी बायको कुंदा शिवणकामाचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली. तिला घरी शिवणवर्ग काढायचा होता. चार मुली तयार होत्या, मशीन तयार होतं, जागा नव्हती. एक खोली आणि स्वयंपाकघर असा आमचा संसार. खोलीत कॉट, कपाट आणि मी. उरली गॅलरी, आणि गॅलरीत माझं विमान होतं. पुरतं विमान नव्हतं म्हणा. विमान होण्याच्या वाटेवर असलेल्या काही काड्या, पंखांचे दोन सांगाडे, सरसाचं भांडं आणि डब्यात ठेवलेलं इंजिन. कुंदाचं म्हणणं, ह्यातून काही व्हायचं नाही. माझं म्हणणं, होणार.

ती तसं का म्हणाली हेही सांगायला हवं, उगाच बायकोला दोष देण्यात अर्थ नाही. ह्याच गॅलरीत आधी मी हार्मोनियम शिकलो, भूपाच्या सरगमपर्यंत. मग टपालाने जर्मन शिकलो, 'हे टेबल आहे' पर्यंत. मग मधमाशा पाळल्या. तो प्रयोग मात्र माशांनी अर्धवट सोडला, मी नाही. पण कुंदा तोही माझ्याच नावावर धरते. एकूण आमच्या घरात सुरू झालेलं काही संपत नाही, अशी माझी ख्याती झाली होती. सासुरवाडीला तर ती माझ्याआधी पोचलेली असे.

तर करार. 'येत्या गुढीपाडव्यापर्यंत विमान उडाल्यास गॅलरी कायमची यजमानांची. न उडाल्यास पाडव्याच्या मुहूर्तावर तिथे शिवणवर्ग सुरू होईल, आणि यजमान यापुढे घरात कोणतंही नवीन काम सुरू करणार नाहीत.' दुसरं कलम मला झोंबलं. गॅलरी गेली तर गेली, पण आयुष्यभर नुसतं ऑफिसला जायचं आणि यायचं? मी सही केली. तेवढ्यात कुंदाने पेन परत घेतलं आणि खाली एक ओळ जोडली: 'उडालं म्हणजे जमिनीला न टेकता एक अख्खी फेरी. टुणकन उडी मारली तर धरणार नाही.'

बाई शिवणकामात पडली म्हणून, नाहीतर वकील व्हायची.

आता फेरी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटतं मी विमानात बसून जाणार होतो. प्रधानांना तर महिनाभर तसंच वाटत होतं आणि त्यांनी मला विम्याचं विचारलंही. हे विमान तीन हात रुंद. त्याच्या एका पंखातून दोन बारीक पोलादी तारा निघतात, पंचेचाळीस फुटी. तारांच्या दुसऱ्या टोकाला मूठ. ती धरून माणूस मधोमध उभा राहतो आणि विमान त्याच्याभोवती घाण्याच्या बैलासारखं गोल फिरतं. मूठ वर केली की विमान वर, खाली केली की खाली. माणसाने विमानाकडे तोंड करून जागच्या जागी गरगरायचं, एवढंच.

इंजिन मिळालं ते आमच्या ऑफिसातल्या एका साहेबाकडून. ते एकोणसत्तर साली कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले. टेबलाचे खण रिकामे करताना त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, तुम्ही हातातलं काम नेटाने पुरं करणारे दिसता, हे तुम्हीच घ्या. माझ्याबद्दल असा गैरसमज झालेला तो पहिला आणि शेवटचा माणूस. डब्यात अंगठ्याएवढं इंजिन होतं, एकवीस वर्षं जुनं, विलायती, आणि सोबत पिवळ्या पडलेल्या कागदावर विमानाचा नकाशा. ह्या इंजिनाला डिझेल म्हणतात. त्याला ना प्लग, ना बॅटरी. डोक्यावर एक स्क्रू असतो. तो पिळला की आतला दाब वाढतो, पंख्याला बोटाने झटका द्यायचा, आणि दाबानेच आत भडका होतो. होतो म्हणजे, नकाशावर तसं छापलेलं होतं.

नकाशात लाकूड सांगितलं होतं ते परदेशी, कापसासारखं हलकं. मुंबईत मी ते चार ठिकाणी विचारलं. एकाने प्लायवूड दाखवलं, एकाने थर्माकोल, तिसऱ्याने खुर्ची दाखवली. शेवटी कुंदाच म्हणाली, "अहो, सावंतवाडीची खेळणी कसली असतात? पांगाऱ्याची. हातात घेतली तर वजनच लागत नाही." मी वेंगुर्ल्याला अनंतामामांना पत्र टाकलं की थोडासा पांगारा पाठवा. मामा मनाने मोठे. त्यांनी बोटीने अख्खा ओंडका पाठवला. सोबत चिठ्ठी: 'पाळणो करतस तर आधी कळवूक होया होता. अभिनंदन.' कुंदाने चिठ्ठी वाचली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ओंडका कापून, तासून, काड्या पाडून विमानाचा सांगाडा उभा राहिला. वर पतंगाचा कागद चिकटवला. मग प्रश्न आला तेलाचा. ह्या इंजिनाला लागतं एक भाग ईथर, एक भाग रॉकेल, एक भाग एरंडेल. रॉकेल रेशनवर. एरंडेल वाण्याकडे, वाण्याने एकदम दोन बाटल्या दिल्या आणि हळूच विचारलं, "घरात सगळ्यांनाच त्रास आहे का?" ईथरचं काम प्रधानांनी अंगावर घेतलं, कारण ते औषधांच्या एका कंपनीत होते. त्यांनी आणलंही. पण मी गॅलरीत मिश्रण करत असताना वारा आतल्या बाजूला होता. अर्ध्या तासात मजलाभर ऑपरेशन थिएटरचा वास सुटला. शेजारच्या वसुधाताई 'कोणाचं काय काढलं?' म्हणून मोसंबी घेऊन आल्या, आणि त्यांचं मांजर माझ्या गॅलरीच्या कठड्यावर दुपारी दोनला जे झोपलं ते साडेपाचला उठलं. मांजराला काहीही झालं नाही, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. वसुधाताई मोसंबी परत घेऊन गेल्या.

प्रधान रोज संध्याकाळी येऊन सल्ला देत. पंख जरा लांब करा. पंख जरा आखूड करा. माझ्या मेहुण्याच्या ओळखीचे एक पायलट आहेत, ते म्हणतात विमानाचं नाक महत्त्वाचं. मी विचारलं, नाकाचं काय करू? तर म्हणे, ते नाही बोलले.

विमान माघात तयार झालं. खरंच झालं! लाल पंख, पिवळी शेपटी. मी ते कॉटवर ठेवून दिवसभर बघत बसलो. कुंदा स्वयंपाकघराच्या दारातून बघून गेली आणि म्हणाली, "छान आहे. उडेल का?" तिचं हे असं असतं.

उडवायला जागा हवी. चहूबाजूंनी पन्नास-पन्नास फूट मोकळी, मध्ये तारा नाहीत, झाडं नाहीत. एका मैदानासाठी मी एका कचेरीत अर्ज दिला. कचेरीचं नाव सांगत नाही, मला तिथे पाण्याच्या तक्रारीसाठी अजून जावं लागतं. तिथल्या गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हा खेळ आहे, यंत्र आहे, की करमणुकीचा कार्यक्रम आहे?" मी म्हटलं, "तिन्ही." झालं! तिन्हींची तीन टेबलं. खेळाच्या टेबलावर म्हणाले, संघात किती खेळाडू? यंत्राच्या टेबलावर म्हणाले, किती अश्वशक्ती? मी म्हटलं, अश्व कुठला, फार तर उंदीर. ते गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी 'उंदीर' लिहून घेतलं असावं, कारण पुढचे आठ दिवस माझा अर्ज कीटकनाशक विभागात होता. करमणुकीच्या टेबलाने विमानाचा विषय म्हणून विमानाच्या लोकांकडे धाडलं. तिथला अधिकारी फार सभ्य. त्याने चहा पाजला आणि विचारलं, "तार तुमच्या हातात असणार ना? मग हे विमान नाही, आमच्याकडे येत नाही. पतंग समजा." मी कागद घेऊन पहिल्या टेबलावर परत आलो. ते म्हणाले, "पतंगाला परवानगी लागत नाही. पण मैदान मिळणार नाही."

फाल्गुन लागला. गॅलरी डोळ्यांसमोरून जाताना दिसू लागली. कुंदा तर फूटपट्टीने मापंही घेऊन गेली, मशीन इथे, मुली तिथे. काही बोलली नाही, नुसती मापं घेतली. त्याचाच राग येतो.

शेवटी एका रविवारी मी वर्सोव्याला गेलो. कोळीवाड्याच्या मागे, खाडीच्या बाजूला एक मोकळी जागा आहे, सपाट, कडेने बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. मी पावलांनी मोजली. पंचेचाळीस फुटी तार बरोब्बर बसत होती, पण एकाच ठिकाणी उभं राहिलं तर. आणि त्या ठिकाणी गावदेवाचा चौथरा होता. वीतभर उंच, त्यावर शेंदूर लावलेला गुडघाभर देव, शेजारी एक माणूस उभा राहील एवढी जागा.

जागा गावच्या पंचांच्या ताब्यात. त्यांच्यातले मोठे म्हणजे हरेश्वर. साठीचे, रुंद, स्वतःची इंजिनाची होडी असलेले. मी त्यांच्यासमोर नकाशा पसरला. ते मला मास्तर म्हणू लागले. मी मास्तर नाही, कारकून आहे. पण कागद घेऊन येणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच.

सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे इमान देवाच्या भवती फिरनार."

"हो. मी चपला काढूनच उभा राहीन."

"चपलांचा नाय रं मास्तर. फिरनार कुठल्या अंगाने?"

मी बोटाने दाखवलं, नकाशात बाण होता तसं. ते बोट बघून तिथे बोंबील उलटवत असलेल्या सोनूबाई उठून उभ्याच राहिल्या. "उलटा? देवाला उलटा? काय येडा झालास?"

माझ्या डोक्यात तोवर हे आलंच नव्हतं. हे विमान डावीकडे फिरतं, म्हणजे देव मध्ये धरला तर उलटी प्रदक्षिणा. मी बाजू मांडून पाहिली. विलायतेत सगळी अशीच फिरतात, म्हटलं. हरेश्वर शांतपणे म्हणाले, "विलायतेत मधी देव नसंल. हितं उलटा फिरतात ते मयताला. आमची मानसं दर्यावर हायत. बाया बघत र्‍हातील काय?"

सोनूबाईंचे दोन मुलगे तेव्हा समुद्रात होते. त्यांनी ते सांगितलं नाही, हरेश्वरांनी नंतर सांगितलं. मी नकाशा गुंडाळला आणि म्हटलं, "ठीक. सरळ फिरवतो." पाडव्याआधीचा रविवार ठरला.

आता ही साधी गोष्ट नव्हती हो. तारा डाव्या पंखातून निघत होत्या, त्या उजव्यातून काढायच्या. पंख फोडायचा, आतला सांधा उलटा करायचा, परत कागद लावायचा. बारा दिवसांत मी ते केलं. ऑफिसातून येऊन जेवण होईपर्यंत रोज तेच. वरची तार वर, खालची खाली, तीनदा तपासलं. कुंदाला खोलीच्या त्या टोकाला तारा धरून उभं केलं आणि सराव केला. "मी हात वर केला की तू वर हो," असं सांगितलं. ती टाचा उंचावायची. दोनदा माझ्याच चुकीने ती कपाटावर आपटली, तेव्हा मी 'विमानाने असं करून चालणार नाही' म्हणालो. ते नको होतं म्हणायला.

रविवारी सकाळी आम्ही तिघं पोचलो. कुंदा पंच म्हणून, प्रधान साक्षीदार म्हणून, आणि मी. कोळीवाडा आधीच जमला होता. सोनूबाईंनी विमानाला हळदकुंकू लावलं, पंख्यालाही. मी चौथऱ्यावर देवाला नमस्कार करून मूठ धरली. आधी इंजिन सुरू केलं होतं, आणि सांगायला आनंद वाटतो की अकराव्या झटक्याला ते लागलं. काय आवाज! बोंबलांवरचे कावळे उठले, लहान पोरं पळाली, एरंडेलाचा निळा धूर सुटला. प्रधानांनी शेपटी धरली होती. मी ओरडलो, "सोडा!"

विमान धावलं, उचललं गेलं, आणि अर्धी फेरी अगदी झकास गेलं. मग ते वळून माझ्याकडेच यायला लागलं. तारा ढिल्या पडल्या. मी मूठ वर केली, खाली केली, अर्धं पाऊल मागे सरलो, देवाला पाय लागणार म्हणून परत पुढे आलो. विमान माझ्या टाळूवरून गेलं आणि पलीकडे सोनूबाईंच्या बोंबलांत शिरलं. जोडीजोडीने तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील खाली आले, चाळीस-पन्नास तरी. त्यांतून पिवळी शेपटी तेवढी दिसत होती.

"अर्धी," कुंदा म्हणाली. खोटं का बोला, अर्धीच होती.

सोनूबाई जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. त्याचा गोषवारा असा की माझ्या मिशांना हे बोंबील बांधावेत. एरंडेल आणि रॉकेल लागलेले बोंबील मलाच खावे लागतील, असंही ठरलं. मी मान खाली घालून उभा. लाज इतकी वाटत होती की चपला घालायचंही सुचेना. चार महिने, अख्खा ओंडका, चार टेबलं, आणि अर्धी फेरी! माझं आयुष्यच असं मापात अर्ध्यावर येतं, असं वाटलं.

बोंबील अर्धे ओले होते म्हणून विमान शाबूत होतं. हरेश्वरांनी ते उचललं, होडी पारखावी तसं डोळ्यासमोर आडवं धरलं, आणि एका दमात म्हणाले, "मास्तर, ह्याचा सुकानू उलटा हाय."

मी बघितलं. नकाशाप्रमाणे शेपटीचं उभं पातं जरा बाहेरच्या बाजूला तिरकं चिकटवायचं असतं, म्हणजे विमान बाहेर ओढ घेतं आणि तारा ताठ राहतात. मी तारा ह्या पंखातून त्या पंखात नेल्या, सगळं उलटं केलं, आणि पातं होतं तसंच ठेवलं. विमान बिचारं इमानाने आत वळलं. पंखाच्या टोकातलं शिसंही चुकीच्या बाजूला होतं.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"सुकानू नाय कळनार तर होडी घरी कशी येतंय?" ते म्हणाले. प्रधान लगेच म्हणाले, "मी म्हणत होतोच, शेपटीकडे बघा." प्रधान कधीही असं म्हणाले नव्हते. ते नाक म्हणत होते.

हरेश्वरांनी सुऱ्याने पातं सोडवलं, दुसऱ्या बाजूला कलतं बसवलं, जाळ्याच्या दोऱ्याने आवळलं, वर डांबराचा हात मारला. जाळ्याचं शिसं दुसऱ्या पंखाच्या टोकाला बांधलं. दहा मिनिटांत झालं. मला बारा दिवस लागले होते.

परत इंजिन. आता मी जरा जोशात होतो. स्क्रू पिळला, थोडा जास्तच पिळला, आणि पंख्याला झटका दिला. पंख्याने उलटा झटका दिला. उजव्या हाताचं पहिलं बोट फाटलं. रक्त बघून प्रधान खाली बसले. सोनूबाईंनीच येऊन हळद दाबली, पदराची चिंधी फाडून बोट बांधलं, आणि बांधताना बोलणं चालूच ठेवलं. बोट एवढं मोठं झालं की मूठ हातात मावेना. डाव्या हाताने धरून पाहिली, तर वर-खालीचा पत्ता लागेना.

"प्रधान," मी म्हटलं.

"माझी कंबर," प्रधान म्हणाले. "डॉक्टरांनी गोल फिरायला बंदी केली आहे." अशी बंदी करणारा डॉक्टर मला भेटायचा आहे.

पाडवा बुधवारी. माझी गॅलरी आणि माझं दुसरं कलम, दोन्ही त्या चिंधीत गुंडाळलेलं. तेवढ्यात कुंदाने चपला काढल्या, पदर खोचला आणि म्हणाली, "द्या इकडे."

"अगं, तू? विमान पडलं तर गॅलरी तुझी होणार आहे! लोक काय म्हणतील, मुद्दाम पाडलं?"

"मी मुद्दाम पाडेन असं वाटतं तुम्हाला?" तिने एवढंच विचारलं. मी मूठ दिली.

इंजिन हरेश्वरांनी घेतलं. स्क्रू एक वेढा ढिला केला, म्हणाले, "डिझेलला एवढा आवळायचा नस्तो, ता गुदमरतंय." रुंद अंगठ्याने एक झटका. लागलं! पहिल्या झटक्याला! मग माझ्यासाठी काय उरलं? शेपटी धरणं. मी गुडघ्यावर बसलो आणि शेपटी धरली. कुंदाने मान हलवली. मी सोडली.

विमान सुटलं, उचललं, आणि ह्या वेळी तारा ताठ. एक फेरी. मी ओरडलो, "झाली! एक झाली!" कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. दोन. तीन. देव उजव्या हाताला ठेवून, अगदी शास्त्रात सांगितल्यासारखं. कुंदा चौथऱ्यावर टाचेवर फिरत होती, पाठ ताठ, नजर विमानावर, चेहऱ्यावर असं काही की मी लग्नातही पाहिलं नव्हतं. पाचव्या फेरीला तिने ते वर नेलं आणि खाली आणलं, उगाच, मजेत! बाया मोठमोठ्याने मोजत होत्या. अकराव्या फेरीला तेल संपलं, आवाज बंद झाला, आणि तिने ते अलगद वाळूवर टेकवलं.

मला आनंद झाला. त्याच वेळी इतकं वाईट वाटलं की विचारू नका. चार महिने खपून माझ्या विमानाची मूठ मी अर्धी फेरी धरली होती, आणि ते उडालं तेव्हा मी गुडघ्यावर होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती छान उडवत होती.

"चक्कर नाही आली?" मी विचारलं.

"चक्कर कसली? फुगडीत सगळ्या मुली दमायच्या, मी नाही दमायचे." लग्नाला आठ वर्षं झाली होती, मला हे माहीत नव्हतं. हरेश्वरांनी मानाचा नारळ तिच्या हातात दिला. मला बोंबील दिले, ठरल्याप्रमाणे.

घरी आल्यावर तिने करार काढला, त्यावर 'उडालं, अकरा फेऱ्या' असं लिहिलं, सही केली आणि म्हणाली, "गॅलरी तुमची." मी म्हटलं, "मी कुठे उडवलं?" तर म्हणे, "कोणी उडवायचं हे करारात नाही." आणि पाडव्याला शिवणवर्ग खोलीत सुरू झाला, कॉट आणि कपाटाच्या मधल्या फटीत. चार मुली, एक मशीन, एकीचं कोपर दुसरीच्या डोळ्यात. मी शनिवारी-रविवारी गॅलरीत ऐसपैस बसलो. करण्यासारखं काही नव्हतं. विमान झालेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून काहीतरी पूर्ण झालं होतं, आणि पूर्ण झाल्यावर माणसाने त्या जागेत काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. सोमवारी ऑफिसला जाण्याआधी मी मशीन उचलून गॅलरीत ठेवलं आणि विमान छताला टांगलं. कुंदा बघत होती. "बोट दुखेल," एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी आमटीला खोबरं जास्त होतं.

पुढच्याच आठवड्यात सोनूबाई टोपली घेऊन दारात. "वैनी, हरेश्वर सांगतंय, नारळी पुनवेला होड्या भायेर पडायच्या आधी देवाला तुमच्या हातच्या अकरा फेऱ्या पायजेत. तवापासून दर्या गोड हाय म्हनतान." दर्या आणि माझ्या इंजिनाचा काही संबंध नाही, हे मी समजावणार होतो. पण त्यांचे दोन्ही मुलगे परत आले होते, तेव्हा म्हटलं जाऊ दे.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी शेपटी धरा ना," सोनूबाई म्हणाल्या. "कुनीतरी धराया पायजेच."

प्रधान जिन्यातून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत आमच्या अंधेरीभर झालं की मी शेपटी धरतो. म्हणू देत. मी धरतो. पाच वर्षं झाली, दर नारळी पौर्णिमेला रजा टाकून धरतो. इंजिन लागलं की सोडायच्या आधी क्षणभर ते विमान हातात थरथरतं, जायची घाई करतं, आणि त्या वेळी ते फक्त माझं असतं. मूठ धरणाऱ्याला ते कळत नाही, ती पंचेचाळीस फुटांवर असते. कुंदाला मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिला शेपटीही धरून बघावीशी वाटेल.